रोमन बंदरांत नाव लिहून गेलेली माणसं

तांबड्या समुद्राच्या इजिप्तकडच्या काठावर कुसैर अल-कदीम नावाची एक ओसाड जागा आहे. रोमन काळात तिथे मायोस होर्मोस हे चांगलं चालतं बंदर होतं. तिथल्या उत्खननात खापराचा एक तुकडा सापडला. त्यावर शाईने लिहिलेल्या काही ओळी आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. हालक, विण्हुदत्त आणि नाकद अशी तीन नावं, आणि नावांबरोबर तेल, मांस, दारू यांच्या नोंदी. परमुलखात आलेल्या तिघांचा शिधा कुणीतरी मांडून ठेवला, इतकाच मामला. विण्हुदत्त म्हणजे विष्णुदत्त हे वेगळं सांगायला नको. हा विष्णुदत्त रोमन अमलाखालच्या बंदरात बसून जेवत होता.

रोम आणि भारत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. यवन, म्हणजे ग्रीक-रोमन, व्यापारी सोनं घेऊन आले, मिरी नि मलमल घेऊन गेले. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत, जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची नावं आहेत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. हे सगळं खरंच आहे. पण त्यामुळे असा समज होतो की ये-जा फक्त तिकडच्यांनी केली आणि आपले लोक किनाऱ्यावर उभे राहून गिऱ्हाइकाची वाट बघत बसले. तसं नव्हतं. भारत, लंका, सीरिया इथली माणसं रोमन जगात पोचली होती, क्वचित त्याही पलीकडची. त्यांच्याबद्दल आपल्याला दोन प्रकारे कळतं: एक, ग्रीक आणि रोमन लेखकांच्या ग्रंथांतून, आणि दोन, त्यांनी स्वतः मागे ठेवलेल्या खुणांमधून. या दोन्हींत दिसणारी माणसं इतकी वेगळी आहेत की ती एकाच जगातली आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ‘रोम’ म्हणजे इथे रोम शहर नव्हे. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेलं आणि तांबड्या समुद्रावरची बंदरं रोमन झाली. भारतातून गेलेला खलाशी बेरेनिके किंवा मायोस होर्मोसला उतरला की तो रोमन मुलखातच उतरला. त्यातल्या बहुतेकांनी इटलीचं तोंडही पाहिलं नसेल.

आता वाऱ्याचं गणित. इजिप्तहून भारताकडे निघणारी जहाजं जुलैच्या सुमारास सुटायची, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा सुरुवातीचा तडाखा टळायचा आणि त्याच वाऱ्यावर अरबी समुद्र पार व्हायचा. परतीला हिवाळ्यातले ईशान्येचे वारे. भारतातून पश्चिमेला जाणाऱ्याचं हेच वेळापत्रक उलटं. हिवाळ्यात निघायचं, काही आठवड्यांनी तांबड्या समुद्रात शिरायचं, तिथल्या उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याशी झगडत बंदर गाठायचं, आणि मग बसून राहायचं. उन्हाळा येईपर्यंत परतीची सोय नाही. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की त्याच्या काळी एकट्या मायोस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजं भारताकडे जात. इतक्या वर्दळीत दरवर्षी कितीतरी परदेशी माणसं बंदरात महिनोन्‌महिने अडकून पडत असणार. अडकलेला माणूस स्वयंपाक करतो, हिशेब लिहितो, पूजाअर्चा करतो, भिंतीवर नाव कोरतो. पुरातत्त्वज्ञांच्या हाती लागतं ते हेच.

बेरेनिके हे यातलं सगळ्यांत बोलकं ठिकाण. समुद्रकाठी वाळवंटातलं गाव, पुढे नाईलवरच्या कॉप्टोसपर्यंत उंटांवरून बारा दिवसांची वाट, आणि तिथून होडीने अलेक्झांड्रिया. १९९४ पासून तिथे स्टीव्हन साइडबॉथम आणि त्यांचे सहकारी खणत आहेत. सेरापिस देवाच्या मंदिराच्या आवारात त्यांना जमिनीत पुरलेला भारतीय बनावटीचा मोठा रांजण मिळाला. त्यात साडेसात किलो काळी मिरी होती. गावातल्या बांधकामांत सागवानी लाकूड सापडतं. वाळवंटात साग कुठला? जुनी जहाजं मोडून त्यांच्या फळ्या आणि तुळया घरांना वापरल्या, हे त्याचं सोपं उत्तर. खापरांवर तमिळ-ब्राह्मीतही नावं आहेत. दोन नाणी तर सातवाहनांची आहेत. नाणेघाटाच्या जकातीच्या रांजणाशेजारी फोटो काढणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण ज्याची बातमी जगभर झाली ती वस्तू २०२२ मध्ये सापडली. इसिस या इजिप्शियन देवीच्या मंदिरात, पुढच्या अंगणाच्या भागात, संगमरवरी बुद्धमूर्ती. उंची ७१ सेंटिमीटर. डोक्यामागे प्रभामंडळ, त्यावर सूर्यकिरणांसारख्या रेघा, बाजूला कमळ. उजवा भाग तुटलेला. गंमत दगडात आहे. हा संगमरवर आजच्या तुर्कस्तानाकडचा. म्हणजे भारतातून तयार मूर्ती पेटाऱ्यात घालून आणली असं झालेलं नाही. तिकडचा दगड घेऊन तिकडेच कुणीतरी ती घडवली, कदाचित बेरेनिकेतच. कारागिराला बुद्ध कसा दिसतो हे कुणीतरी समजावून सांगितलं असणार, आणि मूर्ती देवीच्या आवारात ठेवायला तिथल्या पुजाऱ्यांची हरकत नसणार. मला या मूर्तीपेक्षा ही परवानगी जास्त महत्त्वाची वाटते. पाहुण्याला आपल्या देवळाचा कोपरा देणं ही साधी गोष्ट नाही.

त्याच मंदिरात संस्कृत आणि ग्रीक अशा दोन भाषांतला एक शिलालेखही मिळाला. वासुल नावाच्या क्षत्रियाने दिलेल्या दानाचा तो लेख, रोमन सम्राट फिलिपच्या कारकिर्दीतला. फिलिपने इ.स. २४४ ते २४९ राज्य केलं. इतिहासात त्याला ‘अरब’ म्हणतात, कारण त्याचा जन्म आजच्या दक्षिण सीरियातल्या शहबा गावचा. म्हणजे दान देणारा भारतीय, देऊळ इजिप्शियन देवीचं, सम्राट सीरियाचा आणि राज्य रोमचं. याच्या आधी, इ.स. २०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती पंडित क्लेमेंट याने लिहून ठेवलं होतं की काही भारतीय ‘बुत्ता’चे उपदेश पाळतात आणि त्याच्या पावित्र्यामुळे त्याला देव मानतात. एका ओळीत बाब संपवली आहे. त्याला ही माहिती कुणाकडून कळली, हे त्याने सांगितलेलं नाही. पण तो बसला होता त्याच शहरात बेरेनिकेचा माल उतरत होता.

वाटेवरचं आणखी एक ठिकाण म्हणजे सोकोत्रा बेट, येमेनच्या दक्षिणेला. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत लिहिलं आहे की या बेटावर अरब, भारतीय आणि काही ग्रीक एकत्र राहतात. नुसतं पुस्तकात लिहिलंय म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण २००० सालानंतर बेल्जियमच्या गुहाशोधकांनी तिथली होक गुहा धुंडाळली. आत खोलवर, काळोखात, दोनशेहून जास्त लेख निघाले आणि त्यातले बहुसंख्य ब्राह्मी लिपीत. अमक्याचा मुलगा तमका आला, इतकाच बहुतेकांचा मजकूर. काहींनी गावही लिहिलं आहे: भरुकच्छ, म्हणजे भडोच. गडावर दगडावर नाव कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्याच खोडीमुळे इतिहासकारांचं मात्र फावलं आहे. त्याच गुहेत आजच्या सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या एका माणसाने ठेवलेली लाकडी पाटीही मिळाली, इ.स. २५८ ची.

हे झालं स्वतःच्या हाताने लिहिलेलं. आता ग्रंथांत काय दिसतं ते बघा.

सम्राट ऑगस्टसने आपल्या कर्तबगारीची यादी कोरून घेतली होती. त्यात तो अभिमानाने सांगतो की भारतातल्या राजांचे वकील, म्हणजे दूत, माझ्याकडे वारंवार आले, याआधी ते कुठल्याच रोमन सेनापतीकडे आले नव्हते. त्यातल्या एका वकिलातीची हकीकत दमास्कसच्या निकोलाउसने लिहिली आणि स्ट्रेबोने ती उतरून घेतली. इ.स.पू. २० च्या आसपासची गोष्ट. अँटिओकजवळ निकोलाउसला ही मंडळी भेटली. निघाले होते बरेच, पण लांबच्या प्रवासात बाकीचे मेले आणि तिघे उरले. त्यांच्याजवळ चामड्यावर ग्रीक भाषेत लिहिलेलं पत्र होतं. ६०० राजांवर माझी सत्ता आहे असं सांगणाऱ्या पोरस नावाच्या राजाचं. नजराणा आठ उघड्याबंब, लंगोटी नेसलेल्या, अंगाला सुगंध लावलेल्या नोकरांनी पुढे आणला. त्यात मोठाले साप होते, मोठं कासव होतं, गिधाडापेक्षा मोठा तितर होता, आणि जन्मतः हात नसलेला एक माणूस होता. या माणसाला आपण स्वतः पाहिलं असं स्ट्रेबो म्हणतो. पुढच्या काळातला इतिहासकार कॅसियस डिओ त्यात वाघांची भर घालतो आणि सांगतो की हातांशिवायचा तो मुलगा पायांनी धनुष्य ओढायचा, तुतारीही वाजवायचा.

बघा, वकील आले, तह झाला, पण लेखकाच्या लक्षात राहिला तो तमाशा. वकिलांची नावं, त्यांच्या मागण्या, ऑगस्टसने त्यांना काय दिलं, हे सगळं बाजूला पडलं.

त्या मंडळींतल्या एकाचं नाव मात्र टिकलं, तेही त्याच्या मरणामुळे. झार्मानोखेगास असं ग्रीकांनी त्याचं नाव लिहिलं आहे. नावाच्या सुरुवातीला ‘श्रमण’ दडला असावा असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. डिओ सांगतो की अथेन्सजवळच्या एल्युसिसच्या गुप्त विधींची दीक्षा त्याने घेतली. विधींची ठरलेली वेळ नसतानाही ते ऑगस्टससाठी केले गेले होते. नंतर अथेन्समध्ये, कमरेला वस्त्र आणि अंगाला तेल लावून, हसत हसत, त्याने चितेत उडी घेतली. त्याच्या थडग्यावर लिहिलं होतं की इथे बार्गोसाचा भारतीय झार्मानोखेगास विसावला आहे, त्याने भारतीयांच्या वडिलार्जित रिवाजाप्रमाणे स्वतःला अमर केलं. बार्गोसा म्हणजे पुन्हा भडोचच. शंभरेक वर्षांनी ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो की हे ‘भारतीयाचं थडगं’ अथेन्समध्ये अजून दाखवतात. थोडक्यात, ते प्रेक्षणीय स्थळ झालं होतं.

लंकेच्या वकिलांची हकीकत मला याहून जास्त आवडते, कारण तिच्यात एकदा तरी पाहुण्याच्या डोळ्यांनी बघायला मिळतं. रोमन लेखक प्लिनीने ती दिली आहे. तांबड्या समुद्राच्या जकातीचा मक्ता अ‍ॅनियस प्लोकॅमस नावाच्या माणसाकडे होता. त्याचा एक मुक्त केलेला गुलाम अरबस्तानाभोवती जहाजातून जाताना वादळात सापडला आणि पंधराव्या दिवशी लंकेला लागला. तिथल्या राजाने त्याच्याजवळची रोमन नाणी बघितली. वेगवेगळ्या सम्राटांचे मुखवटे असूनही प्रत्येक दिनाराचं वजन सारखं, हे बघून राजाला या लोकांच्या सचोटीची खात्री पटली, आणि त्याने क्लॉडियस सम्राटाकडे चार वकील धाडले. मुख्य वकिलाचं नाव रखियास. (प्लोकॅमस हे पात्र काल्पनिक नाही बरं का. त्याचा लिसास नावाचा एक गुलाम इजिप्तच्या वाळवंटी वाटेवरच्या खडकावर ग्रीक आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत नाव कोरून गेला आहे, इ.स. ६ मध्ये.)

रोमला पोचल्यावर या वकिलांना कशाचं नवल वाटलं? संगमरवरी देवळांचं नाही. आपली सावली उत्तरेकडे पडते आणि सूर्य डाव्या हाताला उगवतो, याचं. वाचताना हे गूढ वाटतं, पण महाराष्ट्रातल्या माणसाला समजायला सोपं आहे. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर काही आठवडे भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. लंका विषुववृत्ताच्या आणखी जवळ, त्यामुळे तिथे हे वर्षातले काही महिने चालतं. अशा दिवसांत दुपारच्या सूर्याकडे तोंड केलं की तोंड उत्तरेला आणि पूर्व उजव्या हाताला. रोममध्ये सूर्य बाराही महिने दक्षिणेला. त्याच्याकडे तोंड करा, पूर्व डाव्या हाताला येते. रात्री सप्तर्षीही त्यांना नव्या आकाशातले वाटले. समुद्रावर ताऱ्यांच्या आधाराने वाट काढणाऱ्या बेटावरच्या माणसांना आधी हेच जाणवणार. आणि रखियासने एक गोष्ट सहज सांगितली: त्याचा बाप रेशमाच्या लोकांकडे, म्हणजे ‘सेरेस’कडे, जाऊन आला होता. रोमनांना जी टोकं कधी जुळताना दिसली नाहीत, ती या एका घरात जुळलेली होती.

चीनहून मात्र सरळ कुणी पोचल्याची पक्की नोंद नाही, आणि त्याचं कारण राजकीय आहे. इ.स. ९७ मध्ये चिनी सेनापती बान चाओने गान यिंग या अधिकाऱ्याला रोमकडे धाडलं. चिनी लोक रोमला ‘दा चिन’ म्हणत. गान यिंग पार्थियनांच्या मुलखातून, म्हणजे आजच्या इराण-इराककडून, समुद्रापर्यंत पोचला. तिथल्या खलाशांनी त्याला सांगितलं की वारा चांगला असेल तर तीन महिने लागतात, नाहीतर दोन वर्षं. लोक तीन वर्षांचं धान्य घेऊन निघतात. समुद्रावर घरची इतकी आठवण येते की माणसं मरतात. हे ऐकून गान यिंग माघारी फिरला. रेशमाच्या व्यापारात पार्थियन दलाली खात होते. दोन्ही टोकांचं थेट जमलं तर यांच्या पोटावर पाय येणार, तेव्हा त्यांनी समुद्राचं भय दाखवलं असेल तर नवल नाही. पुढे १६६ मध्ये ‘आन-तुन’ राजाचे, म्हणजे मार्कस ऑरेलियस अँटोनिनसचे, दूत म्हणवणारे लोक आजच्या व्हिएतनामकडून चीनच्या दरबारात आले. हस्तिदंत, गेंड्याचं शिंग, कासवाची पाठ असा नजराणा आणला. चिनी बखरकाराने तिथेच शेरा मारला की यात दुर्मिळ असं काहीच नाही. खरंच, हा सगळा माल वाटेतल्या बंदरांत मिळणारा. दूत नसून ते व्यापारीच असावेत, हे आज बहुतेकांना पटतं.

तरीही दक्षिण इटलीतल्या व्हाग्नारी इथल्या दफनभूमीत एक सांगाडा आहे, ज्याच्या आईकडच्या वंशाचा माग डीएनएवरून पूर्व आशियापर्यंत लागतो. ही जागा सम्राटाच्या मालकीची जमीनदारी होती, तिथे कौलं भाजण्याचं आणि लोखंडाचं काम चाले. दातांत साठलेल्या ऑक्सिजनच्या प्रकारांवरून माणूस लहानपणी कुठल्या प्रदेशाचं पाणी प्याला हे ताडता येतं, आणि हा इथला जन्मलेला नाही असं निघालं. सोबत पुरलेलं एकच भांडं. ‘रोममध्ये चिनी माणूस’ अशा मथळ्यांनी बातम्या झाल्या, पण पुरावा इतकंच म्हणतो की आईच्या आईच्या आईकडे, कितीतरी पिढ्या मागे, कुणीतरी पूर्वेकडची होती. त्याला चिनी भाषेचा एक शब्दही येत नसेल.

पश्चिम आशियातल्या लोकांबद्दल आपण फार कमी बोलतो, कारण ते रोमन साम्राज्याचेच रहिवासी होते आणि त्यांना ‘प्रवासी’ म्हणायला आपण कचरतो. पण पाल्मिराचा बाराटेस बघा. सीरियाच्या वाळवंटातून निघून हा गडी थेट ब्रिटनच्या ईशान्य किनाऱ्यावर, आजच्या साउथ शील्ड्सला पोचला. तिथे त्याने रेजिना नावाची ब्रिटनमधलीच गुलाम मुलगी सोडवली आणि तिच्याशी लग्न केलं. ती तिसाव्या वर्षी गेली. तिच्या थडग्याच्या दगडावर ती लोकरीची टोपली नि दागिन्यांची पेटी शेजारी घेऊन बसलेली कोरली आहे. खाली लॅटिन मजकूर आहे, व्याकरण जरा घसरलेला. त्याच्याखाली एक ओळ पाल्मिराच्या अरामी लिपीत, सुबक अक्षरांत: रेजिना, बाराटेसची मुक्त केलेली, हाय हाय. त्या थंड किनाऱ्यावर ती ओळ वाचू शकणारे किती होते देव जाणे.

आता इटलीतल्या पॉम्पेईच्या ‘लक्ष्मी’बद्दल बोलायलाच हवं, कारण तिचे फोटो दर दिवाळीला फिरतात. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. उंची साधारण पाव मीटर, अंगावर फक्त दागिने, दोन बाजूंना दोन दासी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली शहर गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी पोचलेली. ती देव्हाऱ्यातली लक्ष्मी होती असं मानायला आधार नाही. मूर्तीच्या आतून वरपासून खालपर्यंत भोक आहे, तेव्हा ती बहुधा एखाद्या लहान मेजाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. यक्षी म्हणणं जास्त बरोबर. रोमन माणसाने ती पूजेसाठी नव्हे, मिरवायला घेतली असणार.

पण तिचं नातं महाराष्ट्राशी जोडतात ते उगाच नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अगदी याच घाटाच्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या आहेत. अडचण एकच, पॉम्पेईच्या मूर्तीवर एक खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. त्यामुळे ती मराठवाड्यात घडली आणि वायव्येकडून फिरून गेली, की तिकडेच घडली, हा वाद मिटलेला नाही.

इथून माल कसा जाई हे पेरिप्लसवरून कळतं. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून, रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला नेत. पैठणहून अकीक, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. भडोच ते पैठण वीस दिवस, तिथून तेर आणखी दहा. जवळचं कल्याण सोडून इतका वळसा का? त्याचंही उत्तर त्याच पुस्तिकेत आहे. कल्याण आधी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण संदनेस नावाच्या राजाच्या हाती गेल्यावर तिथे अडवणूक सुरू झाली. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे आलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. अथेन्सच्या थडग्यावर भडोच आणि सोकोत्राच्या गुहेतही भडोच, यामागे हे एक कारण असू शकतं. घाटावरचा कुणी समुद्रापलीकडे गेला असेल तर भडोचमार्गे गेला, आणि पलीकडे त्याने गाव सांगितलं असेल तर तेही बहुधा भडोचच.